आमची वाटचाल : रानडे इन्स्टिट्यूट, हायडेलबर्ग आणि सदाशिव पेठ

पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून जर्मनमध्ये एम.ए. करून पीएच.डी.साठी जर्मनीत हायडेलबर्गला गेले, तेव्हा जर्मनीला जाणाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय करायचं मनातही नव्हतं. प्राध्यापकी करायची, बास. विद्यापीठ १३८६ सालचं. तिथल्या दक्षिण आशिया संस्थेत गुंथर सोंथायमर यांनी खंडोबा, बिरोबा आणि धनगरांच्या परंपरेवर काम केलेलं, त्यामुळे मराठी माणसाला ग्रंथालयात तरी परकं वाटत नाही.

ग्रंथालयाबाहेरची गोष्ट वेगळी. घराचा भाडेकरार, आरोग्यविमा, राहायला आल्यावर दोन आठवड्यांत करायची पत्त्याची नोंदणी, सगळा कारभार जर्मनमधून आणि बराचसा टपालाने. भारतातून आलेली इंजिनिअर मुलं ही पत्रं घेऊन माझ्या खोलीवर यायची. हुशार मुलं, पण कोर्स इंग्रजीतून आहे म्हणून जर्मन ए-वनवरच, म्हणजे पहिल्याच पातळीवर, सोडून आलेली.

परतल्यावर काही वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. त्यात घर चालत नाही, हे शिक्षक वाचकांना सांगायला नको. म्हणून सदाशिव पेठेतल्या घरी जर्मनचा संध्याकाळचा क्लास सुरू केला. लवकरच पालक व्याकरण सोडून जर्मनीला जाण्याच्या कागदपत्रांबद्दलच विचारायला लागले आणि क्लासची सल्लासंस्था झाली.

तेव्हाच एक गोष्ट ठरवली : फी फक्त विद्यार्थ्याकडून घ्यायची. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं सहसा एजंटला कमिशन देत नाहीत, खासगी संस्था देतात. त्यामुळे ‘फुकट सल्ला’ देणाऱ्याची यादी खासगी नावांनीच का भरते, ते ओळखा. कमिशन नाकारल्यामुळे आम्ही लहानच राहिलो. आजही ऑफिस दोन खोल्यांचं आहे.

काम मात्र वाढत गेलं. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाआधी एपीएस प्रमाणपत्र (इथली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं) सक्तीचं झालं, आणि आमचं वेळापत्रक त्याभोवती फिरायला लागलं. मग ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे तिथल्या राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं : सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरायचे आणि तिकडे महिन्याला ९९२च काढायचे. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ ऐकून आलेले पालक इथे गप्प होतात. शिवाय बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्यात आपल्यासारख्या युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, अगदी सरकारी विद्यापीठातही. हायडेलबर्ग त्याच राज्यात येतं, हे मी आवर्जून सांगते. गुणांचाही घोळ असतो. दहापैकी ८.२ सीजीपीए आणि पास होण्याची मर्यादा ४ असेल, तर जर्मन सूत्राने १.९ येतात. आईबाबांचे चेहरे पडतात. तिकडे १ सर्वांत चांगला आणि ४ म्हणजे जेमतेम पास, हे कळल्यावर चहा घेतला जातो.

आमच्याकडची एक अट अनेकांना जाचक वाटते. कोर्स इंग्रजीतून असला तरी निघण्याआधी जर्मनची बी-वन, म्हणजे तिसरी पातळी, पूर्ण करायची. काही जण या अटीमुळे दुसरीकडे जातात. जाऊ देत. अर्धवेळ नोकरी, डॉक्टर, घरमालकीण यांच्याशी इंग्रजीतून किती दिवस निभावणार?

२०२४ मध्ये महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. तेव्हापासून साताऱ्याहून, नांदेडहून नर्सेस आणि इलेक्ट्रिशियनचे फोन येतात. त्यांना डिग्रीच्या मुलांसारखा दुपारचा वेळ नसतो. म्हणून ड्युटी संपल्यावर, रात्री नऊची ऑनलाइन बॅच सुरू केली आहे. ती आमचीच एक जुनी विद्यार्थिनी घेते, आणि नर्सिंगचे शब्द ती माझ्यापेक्षा चांगले शिकवते.