बेअरिंगच्या घरातली लाल भुकटी: लाकडी लेथची पुढची नोंद

मे महिन्यात लेथच्या हेडस्टॉकचं, म्हणजे ओंडका फिरवणाऱ्या डोक्याचं, पुढचं कव्हर उघडलं आणि आतलं ग्रीस गेरूच्या रंगाचं निघालं. बोटावर चोळून पाहिलं तर पिठासारखं बारीक. बेअरिंग हाताने फिरवलं, तर अजिबात खरखर नाही. म्हणजे बेअरिंग चांगलं होतं, खराब झालं होतं ते त्याचं घर. घराच्या बोअरमध्ये, म्हणजे बेअरिंग बसतं त्या गोल भोकात, खालच्या अंगाला चॉकलेटी चट्टे पडले होते आणि त्यांच्या मधोमध आरशासारखे चकाकणारे ठिपके दिसत होते.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. हा लेथ मी घरीच बांधलाय. बिडाचं हाउसिंग (ज्यात बेअरिंगची घरं आहेत), ३० मिमीचा स्पिंडल (ओंडका फिरवणारा दांडा) आणि त्यावर ६२०६ ची दोन बेअरिंगं. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांची चाकं आणि सागाचे, बाभळीचे वाडगे यावर करतो.

पहिला संशय कूलरवर गेला. माझं शेड पत्र्याचं आहे, नागपूरच्या मे महिन्यात कूलरशिवाय तिथे तासभरही उभं राहवत नाही, त्यामुळे दमट हवेने गंज चढला असं धरून चाललो. पॉलिश पेपर मारला, नवं ग्रीस भरलं. वीसेक तास काम झाल्यावर पुन्हा तोच गेरू.

हिंगणा एमआयडीसीत ज्या काकांकडे मी टर्निंगची कामं करून घेतो, त्यांना हाउसिंग नेऊन दाखवलं. त्यांनी नखाने चट्टा खरवडला आणि म्हणाले, "भाऊ, हा पाण्याचा गंज नाही. हे आतल्या आत घासून राहिलं." पाण्याचा गंज असता तर पुली आणि बेडवरही दिसला असता. इथे भुकटी होती ती फक्त दोन भाग एकमेकांवर दाबून बसतात तिथेच.

याला फ्रेटिंग म्हणतात. दाबून बसलेले दोन पृष्ठभाग काही मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) मागेपुढे सरकत राहतात. पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा पातळ थर फुटतो, कोरा धातू उघडा पडतो, हवेशी संयोग होऊन त्याचाही ऑक्साइड होतो आणि तोही घासून निघतो. ही भुकटी बाहेर पडत नाही. ती कठीण असल्याने तिथेच अडकून पॉलिश पावडरसारखी घर खात राहते. सरकणंच थांबवलं तर हे नुकसान होत नाही, हे टॉमलिन्सन यांनी १९२७ मध्येच प्रयोगाने दाखवलं होतं. म्हणून माझा प्रश्न बदलला: माझी आउटर रिंग, म्हणजे बेअरिंगचं घरात बसणारं बाहेरचं कडं, सरकते कशाने?

मी चुकलो ते इथे, आणि आपल्यापैकी बरेच जण इथेच चुकत असणार. 'इनर (स्पिंडलवरचं आतलं कडं) टाइट, आउटर हाताने बसेल इतपत' हा नियम आपण पाठ केलेला असतो. पट्ट्याची ओढ कायम एकाच दिशेला असते तेव्हा तो बरोबर आहे. इनर फिरते, तिचा प्रत्येक बिंदू त्या ओढीखालून जातो, म्हणून ती घट्ट हवी. पण बाभळीचा ओबडधोबड ओंडका चढवला की त्याची जड बाजू स्पिंडलसोबत फिरते. मग भारही फिरतो आणि आउटर रिंगला आतून गोल गोल दाबत जातो. अशा वेळी ढिली आउटर घरात हळूहळू रांगते. मी पुढचं घर एच-७ ला (भोकाच्या मापाची ढिली मर्यादा), म्हणजे ६२.००० ते ६२.०३० मिमीमध्ये केलं होतं. बेअरिंगचा बाहेरचा व्यास ६२ मिमीपेक्षा १३ मायक्रॉनपर्यंत कमी असू शकतो. दोन्ही टोकं जुळली तर ४३ मायक्रॉन मोकळी जागा राहते. रिंगला सरकायला वाव मिळाला तो असा.

खात्री करायला रिंग आणि हाउसिंग दोन्हींवर मिळून मार्करने एक आडवी रेघ ओढली. दीड तास वाडगा कोरून कव्हर काढलं, तर रिंगवरची रेघ बोटभर पुढे गेलेली.

मग एक चूक केली, तीही सांगायलाच हवी. घरात सेंटर पंचने ठिपके मारले. बेअरिंग घट्ट बसलं, मनाला बरं वाटलं. पण रिंग टेकली होती ती फक्त ठिपक्यांच्या उंचवट्यांवर. ते आठवड्यात चेपले, जागा आणखी वाढली आणि भुकटी दुप्पट. कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्याची शिम (पातळ पट्टी) घालण्याचंही हेच होतं. कृपा करून करू नका.

जुलैत नीट काम केलं. बोअर गेजने पुढचं घर ६२.०५ भरलं, आणि २५ मायक्रॉन अंडाकृती. ते ७० मिमीला बोअर करून त्यात बिडाचा बुश (नळीसारखं अस्तर) बसवला आणि दोन्ही घरं एकाच सेटिंगमध्ये फिनिश केली. सेटिंग एकच ठेवण्यावर मी अडून बसलो, कारण घरं एका रेषेत नसतील तर स्पिंडल दर फेऱ्याला वाकतो आणि घासणं पुन्हा सुरू होतं. पुढचं घर के-७ ला (एच-७ पेक्षा घट्ट मर्यादा) धरलं, माप आलं ६१.९८८. बेअरिंगचा व्यास ६१.९९४, म्हणजे ६ मायक्रॉन दाब. स्पिंडल ईएन-८ पोलादाचा नवा, ग्राइंड करून ३०.००८. दोन्ही रिंगा घट्ट झाल्या की आतली मोकळीक कमी होते, म्हणून बेअरिंग सी-३ चं, म्हणजे मुळात जास्त मोकळीक असलेलं, घेतलं. बसवताना बेअरिंग ९० अंशांपर्यंत तापवलं आणि स्पिंडल रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. इनर हाताने सरकून जागेवर गेली, हातोडीला हात लावला नाही.

मागच्या बाजूला पट्ट्याचीच ओढ जास्त आहे, शिवाय स्पिंडल तापून लांबला तर तिथे सरकायला जागा हवी. म्हणून ते घर एच-७ च ठेवलं, पण या वेळी खालच्या टोकाला. वेव्ह वॉशर (स्प्रिंगसारखा दाबणारा नागमोडी वॉशर) लावला आणि बसण्याच्या जागी मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पेस्ट पातळ फासली. पेस्टने घासणं मंदावतं. ढिलं माप मात्र तिने भरून निघत नाही.

आतापर्यंत ३२ तास झाले. त्यातले निम्मे मुद्दाम असमतोल ओंडक्यांवर घातले. काल कव्हर काढलं. पुढची रेघ ओढली तशी सरळ, ग्रीस पिवळं. मागे मात्र रेघ दोनेक मिमी सरकली आहे आणि पेस्टच्या कडेला केसाएवढी तपकिरी रेषा उमटली आहे. चाकांची ऑर्डर संपली की ते घर पुन्हा मोजतो, जे-७ चा (एच-७ आणि के-७ यांच्या मधला) बुश टाकावा लागेल असं दिसतंय.