पांझरेचं पाणी आणि फडाची शिस्त

पांझरा तशी लहान नदी. साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या वरच्या अंगाला उगम, साक्रीच्या भागात कान नदी येऊन मिळते, धुळे शहर ओलांडलं की उत्तरेला वळते आणि शिंदखेडा तालुक्यात मुडावदला तापीला जाते. एवढ्याशा नदीवर तीनशे-चारशे वर्षं बागायत टिकली, ती फडपद्धतीमुळे: बंधाऱ्यानं नदीचं पाणी वळवायचं आणि खालची जमीन फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटून सगळ्यांनी मिळून भिजवायची.

फडाचा बंधारा पाणी वळवतो, साठवत नाही. म्हणून तो ठेंगणा, पात्रात खडक उघडा पडलाय तिथे दगड-चुन्यात बांधलेला. पूर सरळ वरून जातो. काठाच्या तोंडातून पाणी पाटात, पाटातून चारीत, चारीतून सारंगात, म्हणजे शेतापर्यंतच्या छोट्या दांडात, आणि तिथून वाफ्यात. उरलेलं परत नदीत. शिवाय वरच्या फडात मुरलेलं पाणी झिरपत पात्रात येतं आणि खालचा बंधारा ते धरतो. एकच पाणी गावोगाव पुन्हा वापरलं जातं, ही मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. 1884 मध्ये नोकरीला लागलेल्या विश्वेश्वरय्यांचं सुरुवातीचं एक काम याच नदीवर, दातर्तीला होतं. पाटाचं पाणी नळातून पलीकडे नेण्याचं.

बंधाऱ्याखाली साधारण तीन-चार फड. एका फडात एकच पीक: कुठे ऊस, कुठे गहू, पुढे फेरपालट. पाऊस कमी झाला तर कोणता फड पडीक ठेवायचा ते सगळे मिळून ठरवतात. गव्हाच्या फडात एकट्यानं ऊस लावला तर काय होतं? गहू कापणीला येतो तेव्हा उसाला दर आठ-दहा दिवसांनी पाणी हवं असतं. त्या एका तुकड्यासाठी अख्खी चारी वाहती ठेवावी लागते. निम्मं पाणी वाटेत जिरतं, शेजारचा पिकलेला गहू भिजतो, जमीन चिबडते.

चारी कुणी आपल्या हातानं फोडायची नाही. पाटावरचं पाणी पाटकरी सोडतो, बारेकरी शेतात बारं, म्हणजे पाळीचं पाणी, देतो, जागल्या पीक राखतो.

खरी कसोटी गाळाची. पाटाला उतार बेताचाच असतो, त्यामुळे तोंडाशी वीतभर गाळ साचला तरी शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचत नाही. गाळ काढायला जमिनीच्या प्रमाणात प्रत्येकानं माणसं द्यायची, असा रिवाज. विहिरीवर मोटर बसली की पहिल्यांदा हीच माणसं कमी होतात. पण पाटालगतच्या विहिरींना पाणी येतं ते बरंचसं पाटाच्याच पाझराचं. पाट कोरडा राहिला की उन्हाळ्यात त्याच विहिरी आधी तळ गाठतात.