फुटलं तर?

“मातीचं? फुटलं तर गो?” काल हळदीकुंकवाला मावशींनी वाण हातात घेतलं आणि पहिलं हेच विचारलं.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून छोटी मडकुली आणली होती, विरजण लावायला. जादा पाणी माती शोषून घेते, दही घट्ट लागतं. (आणताना मी ती बबल रॅपमध्येच गुंडाळली होती. असो.)

मावशींच्या माळ्यावर चार संक्रांतींचे प्लास्टिकचे डबे पडलेत, त्यांनीच सांगितलं. एकही फुटला नाही. एकही उघडलाही नाही.

२०२२ मध्ये एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या प्लेट-चमच्यांवर बंदी आली, पण वाणाच्या डब्यांना कोण विचारतंय?

“फुटलं तर तुळशीच्या बुडाशी घाला,” मी म्हटलं.

मावशींनी मडकुलं टिचकी मारून पाहिलं. “मग आणखी एक दे.”