तुम्ही विचारलंत म्हणून : घोडाच का?

मानसिक आघातातून गेलेल्या माणसांबरोबर मी घोड्यांच्या साहाय्याने काम करते असे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : 'घोडाच का? कुत्रा जास्त प्रेमळ नाही का?' कुत्रा प्रेमळ असतोच, आणि माझ्या मते अडचण नेमकी तिथेच आहे. ज्याचा एकदा विश्वासघात झाला आहे, त्याला सहज मिळालेल्या मायेचाही संशय येतो. घोडा मात्र कोणालाही सहजासहजी जवळ करत नाही.

घोडा हे मुळात शिकार होणारे जनावर. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला भोवतालचे जवळजवळ ३५० अंश दिसते, दोन्ही कान स्वतंत्रपणे वळतात आणि कळपातला एक उधळला की बाकीचे कारण विचारत बसत नाहीत. सतत सावध असणे, पाठीमागे कोणी उभे राहिलेले न खपणे, अशा ज्या सवयींवरून आघातग्रस्तांना 'आता विसर की ते' असे ऐकून घ्यावे लागते, त्या घोड्याच्या सहवासात कोणाला विचित्र वाटत नाहीत.

माणसाची देहबोली घोडा किती बारकाईने टिपतो, याचा जुना दाखला बर्लिनमधला आहे. 'हुशार हान्स' नावाचा घोडा टापा आपटून गणिते सोडवतो, अशी त्याची ख्याती होती. १९०७ मध्ये ऑस्कर प्फुंग्स्ट या अभ्यासकाने दाखवून दिले की प्रश्नकर्त्याच्या डोक्याची नकळत होणारी किंचित हालचाल पाहून तो थांबत असे. हान्सची तेव्हा फजिती झाली खरी, पण त्याला गणिताहून अवघड काही येत होते, असेच मला वाटते.

आमच्या बहुतेक सत्रांत स्वारी नसतेच. घोड्याजवळ जाणे, खरारा करणे, दोरी धरून त्याला चालवणे, एवढेच काम असते. चेहऱ्यावर हसू, पण खांदे ताठ आणि श्वास कोंडलेला, अशा अवस्थेत कोणी पुढे गेले की घोडा मान उंचावतो, कान टवकारतो आणि दोन पावले मागे सरतो. 'घाबरू नका' असे आम्ही म्हणत नाही. 'आत्ता श्वास कसा चालला आहे?' एवढेच विचारतो. मग ती व्यक्ती थांबते, श्वास सोडते, खांद्याच्या बाजूने पुन्हा जवळ जाते, कारण नाकासमोरचे घोड्याला नीट दिसत नाही. आणि काही वेळाने त्याची मान खाली येते, खालचा ओठ सैल पडतो. याच्या उलट, घोडा अंगावर येऊ लागला तर हात पुढे करून त्याला थांबवायचेही असते. ज्यांच्या नकाराला पूर्वी कोणी जुमानले नाही, त्यांच्यासमोर चार-पाचशे किलोचे जनावर जागच्या जागी थांबते तेव्हा अनेकांना तिथेच रडू फुटते, आणि समुपदेशनातले खरे बोलणे बहुधा त्यानंतर सुरू होते.

याला जादू समजू नये. कोलंबिया विद्यापीठाचा माजी सैनिकांवरील अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६३ जणांसाठी घोड्यांबरोबर आठ साप्ताहिक सत्रे घेतली गेली आणि त्यांची आघातानंतरची लक्षणे बरीच घटली, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे 'घोडा असला की मानसोपचार नको' म्हणणाऱ्यांपासून मी चार हात दूरच राहते. कोणी अशी जागा शोधत असेल तर तिथे मानसोपचाराचे रीतसर शिक्षण घेतलेली व्यक्ती आणि घोड्यांचा जाणकार, दोघेही हजर असतात का, हे आधी पाहावे. सत्रभर घोडा खांबाला बांधूनच ठेवत असतील तर त्याचा नकार कळायला वावच उरत नाही, म्हणून तिथे मी कोणाला पाठवत नाही.