लुक्काची तटबंदी आणि आमच्या दोन बॅगा

इटलीतलं तटबंदीचं शहर लुक्का बघायला अर्धा दिवस पुरतो असं जो तो सांगतो. बॅगा कुठे टाकायच्या, ते कोणी सांगत नाही.

फ्लोरेन्सहून रेल्वेने साधारण दीड तासात पोचलो. स्टेशन तटाच्या बाहेर, अगदी समोरच. दीड वाजता सान मिकेले चौकात गाईड भेटणार होती. त्याआधी आतल्या एका दुकानवजा क्लोकरूममध्ये बॅगा ठेवायच्या होत्या. ऑनलाइन बुकिंग केलेलं, पैसेही भरलेले. पाऊण वाजता आम्ही काउंटरवर हजर.

तिथल्या बाईंनी माझा पासपोर्ट उघडला आणि त्या थबकल्या. बुकिंगवर माझं नाव आणि आडनाव. पासपोर्टवर मध्ये नवऱ्याचं नाव. "हे कोण?" मी शेजारी उभ्या नवऱ्याकडे बोट दाखवलं. त्याचा पासपोर्ट पाहिला, तर त्यात सासऱ्यांचं नाव. आता त्यांच्या हिशेबी माणसं तीन, बॅगा दोन आणि बुकिंग भलत्याच कोणाचं! मी समजावत होते, त्या फोनवर कोणाला तरी विचारत होत्या. मागची दोन पोरं सामान टाकून निघूनही गेली. एक वाजला. बाईंनी शांतपणे दारावरची पाटी फिरवली: साडेतीनला उघडेल. आम्ही पुण्याचे, त्यामुळे दुपारच्या सुट्टीबद्दल तोंड उघडायची सोय नव्हती.

मग दगडी फरसबंदीवरून खडखडाट करत टूर. गुइनीजी मनोऱ्याच्या माथ्यावर ओकची झाडं आहेत, पण वर जायला दोनशेहून जास्त पायऱ्या. एकाने चढायचं, दुसऱ्याने खाली बॅगा राखायच्या. रोमन प्रेक्षागाराच्या लंबगोलावर उभी राहिलेली घरं मात्र बॅगांसकट बघता आली. गाईडने १८१२च्या पुराची गोष्ट सांगितली: सेर्किओ नदीला पूर आला, वेशी बंद केल्या, आणि नेपोलियनची बहीण एलिसा, म्हणजे तिथली राज्यकर्ती, हिला म्हणे यारीने (क्रेनने) तटावरून आत उतरवलं. तिचं नाव कोणी पासपोर्टशी ताडून पाहिलं नसावं.

साडेतीनला परत गेलो. त्याच बाई. हसल्या, बॅगा उचलल्या, पावती दिली. पासपोर्ट मागितलासुद्धा नाही!

तेव्हा भारतीय पासपोर्टवाल्यांनो, बुकिंग करताना मधल्या नावासकट, पासपोर्टवर आहे तस्संच नाव टाका. आणि बारापूर्वी पोचा.

मोकळ्या हातांनी मग तटावर चढलो. सव्वाचार किलोमीटरची पूर्ण फेरी, वर गाड्या नाहीत, दुतर्फा मोठाली झाडं. सोळाव्या-सतराव्या शतकात एवढा तट बांधला, पण त्यावर कधी हल्ला झाला नाही. खरा उपयोग झाला तो पुराच्या वेळीच. सायकलीही भाड्याने मिळतात, पण चालतच जा, बुरुजांवर बसता येतं. स्टेशनकडून येताना सान कोलोंबानो बुरुजातून पायवाट थेट वर निघते. हे आम्हाला परतताना कळलं. बडीशेपेच्या वासाचा, बेदाणे घातलेला बुकेल्लातो नावाचा गोड पाव आधीच घेऊन ठेवा, वर बसून खायला.

रेल्वेचं कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या. नाहीतर दंड होतो.