उतार बघून गाडी लावणारी माणसं

गाडी सावलीत लावावी असं बाकीचे लोक म्हणतात, आमच्याकडं ती उतार बघून लावायचे. बाबा कुणाच्या घरी गेले तरी आधी गल्ली कुठल्या बाजूला उतरती आहे ते बघणार, फियाटचं तोंड तिकडं करणार, चाकाला दगड लावणार आणि मगच चहाला आत. बॅटरीचा भरवसाच नव्हता ना. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, पण बेळगावात पद्मिनी कोण म्हणायचं, फियाटच. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसेक हॉर्सपॉवर, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि गिअर स्टिअरिंगला.

सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारा स्टार्टर, नुसता टक टक करायला लागला की धक्का स्टार्ट. किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून ठेवायचा, गाडीनं जरा वेग घेतला की क्लच झटकन सोडायचा आणि इंजिन उठलं की लगेच परत दाबायचा. पहिल्या गिअरमध्ये का नको तर गाडी हिसका देऊन जागच्या जागी अडते आणि मागून ढकलणारा तोंडावर आपटतो. आमच्या गल्लीतल्या पोरांना हे शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं, धक्का देणारी तीच की.

टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर खरी परीक्षा. गेट पडलंय, इंजिन आयडलिंगला उभं राहीना, आणि बंद करावं तर परत चालू होईल याची गॅरंटी नाही. मग उजव्या पायाचा पंजा ब्रेकवर आणि टाच ॲक्सलेटरवर, गाडी गुरगुरत ठेवायची आणि मालगाडीचे डबे मोजत बसायचं. गिअरची लिव्हर मधेच अडकायची तो वेगळाच ताप. बॉनेट उघडून खालची लिंकेज, म्हणजे लिव्हर आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या दांड्या, हातानं ढकलून न्यूट्रलला आणायची, हात काळे, मागचे हॉर्न मारूलालेत, आणि बाबा शांतपणे डिकीतलं फडकं काढूलालेत. त्या फडक्याला पेट्रोलचा वास कायमचा बसला होता.

पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर टाकताना दोन्हीकडचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नव्हतं, त्यामुळं चालत्या गाडीत पहिला टाकायचा म्हणजे डबल क्लच. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सलेटरचा एक झटका, परत क्लच दाबून पहिला. तो झटका कमी पडला तर गिअरबॉक्स असा करकरायचा की रस्त्यावरची माणसं वळून बघायची, बरोबर पडला तर लोण्यातून सुरी गेल्यासारखा गिअर बसायचा. हे स्पीडच्या काट्याकडं बघून जमत नाही, कानानंच जमतं.

उन्हाळ्यात गोव्याहून चोर्ला घाट चढताना एअर लॉक ठरलेला. इंजिनच्या उष्णतेनं पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढतो, पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरला पेट्रोल पोचत नाही आणि गाडी घुटमळत बंद. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं टाकून बसायचं. रेडिएटरचं झाकण मात्र लगेच उघडायचं नाही, आणि पाणी ओतायचं तर इंजिन चालू ठेवून थोडं थोडं. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी गेलं तर इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, तडकतं, मग बसा मिस्त्रीच्या दारात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा घाटातला नियम पण तिथंच नीट कळतो. उतरणारा थांबला तर नुसता ब्रेक सोडून परत निघतो, चढणारा थांबला की हँडब्रेक, हाफ क्लच, सगळी सर्कस आली.

आता खरं सांगायचं तर यातलं बरंचसं मी टाकून दिलंय आणि आमच्या वयाच्या लोकांनी पण टाकावं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीला स्टार्ट करायच्या आधी ॲक्सलेटर मारून काही होत नाही, तिथं कार्बोरेटरच नाही. थांबून थांबून ब्रेक मारायची सवय एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या सिस्टीमच्या, गाडीत उलट धोक्याची, त्यात इमर्जन्सीला पाय घट्ट दाबूनच ठेवायचा, बाकीचं काम सिस्टीम करते. आणि २०१९ पासूनच्या नवीन गाड्यांना एबीएस सक्तीचंच आहे. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे अजून लई भेटतात. त्यांना सांगून पटत नाही, पण इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजिनचं पेट्रोलच बंद होतं, उलट न्यूट्रलला आयडलिंगपुरतं तरी जळतच राहतं. म्हणजे वाचत काही नाही, वर सगळा भार ब्रेकवर.

टाकून द्यायचं नाही ते एकच, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. ब्रेक तापला की त्याची पकड सुटते, पेडल दाबलं तरी गाडी ओढतच राहते, आणि हे फियाटला जितकं लागू तितकंच आजच्या गाडीला. मागं भाच्याच्या ऑटोमॅटिक गाडीतून जांबोटी-कणकुंबीवरून गोव्याला निघालो होतो. चोर्ला सोडून घाट उतरायला लागल्यावर पठ्ठ्या नुसता ब्रेकवर, आत करपल्याचा वास यायला लागला. म्हटलं लिव्हर मॅन्युअलला घे आणि दुसऱ्यावर आण. इंजिन ओरडायला लागल्यावर तो दचकला, "मामा, फाटतंय की हे!" म्हटलं ओरडू दे, पाय काढ ब्रेकवरनं. घाटाखालच्या केरीला पोचेपर्यंत वळणापुरताच ब्रेक लागला त्याला, आणि खाली उतरल्यावर पहिला प्रश्न काय तर "मामा, परत येताना तुम्ही चालवणार काय?"