उंबर फोडून केंबरं काढताना

उंबरातली रचना बघून रचनाकार मानावा का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आपणहून हा विषय मी काढत नाही, दत्तजयंतीच्या आसपास तर नाहीच नाही.

प्रश्न साधारण असा येतो. कृष्णाकाठच्या आमच्या गावात घाटाच्या वर एक जुना उंबर आहे. निवृत्त झाल्यापासून महिन्यातून एखाद्या रविवारी मी मुलांना तिथे घेऊन जाते, एक उंबर ब्लेडनं उभं कापते आणि आतला कारभार भिंगातून दाखवते. मुलं "ईऽऽ" करून मागे सरकतात आणि लगेच पुन्हा पुढे येतात. बरोबर आलेल्या मोठ्यांपैकी कुणीतरी, बहुतेक वेळा मागे हात बांधून उभे असलेले एखादे काका, शांतपणे म्हणतात, "बाई, इतकं बिनचूक जुळलंय हे. कुणी जुळवल्याशिवाय जुळेल का? तुम्ही जन्मभर जीवशास्त्र शिकवलंत, तुम्हीच सांगा." कधी त्या आवाजात खरं कुतूहल असतं, कधी माझी परीक्षा असते. ३१ वर्षं वर्गात काढल्यावर दोन्हींतला फरक ओळखू येतो. उत्तर मात्र दोघांनाही तेच देते.

आधी काकांनी भिंगातून काय पाहिलं ते सांगायला हवं. उंबराला फूल नसतं असं आपण धरून चालतो, आणि वर्षातून एकदा उगवणाऱ्या पाहुण्याला "उंबराचं फूल झालात की" म्हणून टोमणा मारतो. फुलं असतात, आणि ढिगानं असतात, पण ज्याला आपण फळ म्हणतो त्याच्या पोटात, भिंतीला आतून लगडलेली. आत शिरायला वाट एकच, टोकाशी खवल्यांनी गच्च झाकलेलं इवलंसं भोक. त्यातून दोनेक मिलिमीटरची एक मादी अंग घासत आत घुसते. कूळ गांधीलमाश्यांचं, पण आपल्या मराठीत ती नुसती केंबरं. घुसताना पंख तुटून दारातच पडतात, मिशा मोडतात. तिला परत जायचंच नसतं. तिच्या छातीला खालून दोन खिसे असतात आणि त्यात जन्मघरातून, म्हणजे ज्या उंबरात ती वाढली तिथून, भरून आणलेले पराग. काही फुलांचा दांडा, म्हणजे बी धरणाऱ्या तळापासून वर आलेला, आखूड असतो, त्यांच्या तळापर्यंत तिची अंडी घालायची नळी पोचते. लांब दांड्याच्या फुलांत ती पोचत नाही, तिथे पराग पडतात आणि बी धरतं. काम संपवून ती आतच मरते.

काही आठवड्यांनी पुढची पिढी तयार होते. आधी नर निघतात, बिनपंखांचे. माद्या आपापल्या फुलात बंद असतानाच ते तिथे जाऊन मीलन उरकतात, मग सगळे मिळून भिंत पोखरून बाहेरपर्यंत भुयार काढतात आणि मरतात. बहुतेकांनी बाहेरचं जग पाहिलेलंच नसतं. नेमके तेव्हाच आतले पराग पिकलेले असतात. माद्या खिसे भरतात, भुयारातून उडतात, आणि आयुष्याच्या उरलेल्या एक-दोन दिवसांत वासाच्या मागावर योग्य वयाचं दुसरं उंबर गाठतात. वड, पिंपळ, पायर, अंजीर धरून या कुळात साडेसातशेच्या वर जाती आहेत आणि बहुतेकींचं केंबरू स्वतंत्र. ही जोडी सात-आठ कोटी वर्षांची असावी असा अंदाज आहे.

हे ऐकल्यावर "कुणी जुळवलं?" असं ज्याला वाटत नाही त्याचं मला नवल वाटेल. मलाही वाटलं होतं.

आणि प्रश्न काही आजचा नाही. साधारण हजार वर्षांपूर्वी मिथिलेच्या उदयनाचार्यांनी तो फार तयारीनं मांडला: घडा दिसला की कुंभार आलाच, जग हेही घडलेलं कार्य आहे, तेव्हा त्याचाही कर्ता असला पाहिजे. इंग्लंडात विल्यम पेली नावाच्या पाद्रीनं १८०२ मध्ये हीच गोष्ट घड्याळ घेऊन सांगितली. माळावर घड्याळ सापडलं तर ते आपोआप झालं असं कोण म्हणेल? तरुणपणी डार्विनला पेलीचं हे म्हणणं मनापासून पटलं होतं, हे आपण विसरतो.

मला मात्र या सगळ्यात सातव्या शतकातला बौद्ध पंडित धर्मकीर्ती आवडतो. उदयनांच्या कितीतरी आधी, हाच युक्तिवाद तेव्हाच्या नैयायिकांकडून, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांकडून, ऐकून त्यानं विचारलं: मातीला आकार आला म्हणजे कुंभार आलाच असं असेल, तर मग वारूळही कुंभारानंच केलं म्हणायचं का? काय नेमकं बोट ठेवलंय! वारुळाला भिंती आहेत, खोल्या आहेत, हवा खेळायला वाटा आहेत. नागपंचमीला आपण त्याची पूजा करतो. आत लाखो वाळव्या असतात आणि एकीच्याही डोक्यात वारुळाचा नकाशा नसतो. एक मातीचा कण ठेवते, तिथला ओलावा नि वास हुंगून दुसरी आपला कण शेजारी ठेवते. आकार आहे, पण आकाराची कल्पना कुणाकडेच नाही. घड्याचा कुंभार आपण पाहिलेला असतो म्हणून घड्यामागे कुंभार दिसतो. जग करणारं कुणी आपण कधी जग करताना पाहिलंय?

"मग काय, आपोआप?" असं काका विचारतातच. इथे मी त्यांना नदीकडे बघायला सांगते. पूर ओसरल्यावर काठावर चला. जिथे धार जोरात होती तिथे जाड वाळू, जिथे पाणी संथ झालं तिथे बारीक गाळ, शेतात पसरलेला, लोण्यासारखा. कुणी चाळण धरली होती? निवड झाली, निवडणारा नव्हता. पण नदीला आठवण नसते, पुढचा पूर सगळं विस्कटून टाकतो. जिवांजवळ आठवण असते, बियांत, अंड्यांत. जे चाळणीवर टिकलं ते पुढच्या पिढीत तसंच उतरतं, थोड्या फरकानं, आणि पुन्हा चाळलं जातं. ज्या झाडाची सगळी फुलं आखूड, त्याच्यात नुसती केंबरं होणार, बी नाही, म्हणजे वंश नाही. ज्याची सगळीच लांब, त्याच्यात केंबरं नाहीत, मग त्याचे पराग न्यायला कुणी नाही. मधली उरली. यात फरक होणं तेवढं योगायोगाचं आहे, टिकणं योगायोगाचं नाही. ही दोन टोकं एकत्र बांधून लोक "एवढं सगळं योगायोगानं?" असं विचारतात, तेव्हा वर्गातला जुना फळा आठवतो. एवढं एक वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल.

पण खरं सांगायचं तर माझं मत या तर्कानं बदललं नाही. बदललं ते उंबराखाली बसून, चोर बघताना.

आपल्याकडे म्हणतात, उंबर फोडून केंबरं काढू नयेत, म्हणजे बरं दिसतंय त्याच्या आत नाक खुपसू नये. मी नाक खुपसलं. कच्च्या उंबरावर बाहेरच्या बाजूनं काही वेगळ्याच माश्या बसलेल्या दिसतात, अंगापेक्षा लांब शेपटी असल्यासारख्या. ती शेपटी म्हणजे अंडी घालायची नळी, माणसाच्या केसाहून बारीक. दारातून आत जायची दगदग नाही, परागांचं ओझं नाही. बाहेरूनच भिंतीला भोक पाडायचं आणि आत वाढणाऱ्या अळीशेजारी आपलं अंडं सोडायचं. त्यातून निघालेली अळी आतल्या अळीला खाते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये उंबरावरच्या अशाच एका माशीची नळी तपासली तर तिच्या टोकाशी जस्त निघालं. कडक व्हावं म्हणून. गिरमिटाला पोलादी पातं बसवावं तसं.

आता काकांना मीच विचारते: रचना बघून रचनाकार मानायचा, तर हे जस्त कुणी बसवलं? खिसे देणारा आणि गिरमिट देणारा एकच का? डार्विनलाही हेच छळत होतं. १८६० मध्ये अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात, जिवंत सुरवंटाच्या पोटात वाढून त्याला आतून खाणाऱ्या माश्या दयाळू आणि सर्वशक्तिमान ईश्वरानं मुद्दाम घडवल्या असतील हे मला पटवून घेता येत नाही, असं त्यानं म्हटलं.

आणि चोरांची गोष्ट इथे संपत नाही, उलट मला तीच सगळ्यात सुंदर वाटते. केंबरू सगळ्याच फुलांत अंडी घालायला का जात नाही, नळी थोडी लांब होऊन? ऑस्ट्रेलियातल्या एका जातीवर काम करणाऱ्यांना त्याचं एक उत्तर सापडलं. लांब दांड्याच्या फुलांचा तळ भिंतीजवळ असतो, आखूड दांड्याच्यांचा आत, मध्याकडे. बाहेरून भोसकणाऱ्या चोरांना भिंतीजवळचं सहज लागतं. तिथे अंडी घातली तर ती मारली जाण्याची भीती जास्त, म्हणून आत घातलेली टिकतात, आणि भिंतीकडची फुलं बी धरायला मोकळी राहतात. म्हणजे ज्याला आपण झाड आणि केंबरू यांच्यातला समजूतदार करार म्हणतो, त्यावर पहारा चोरांचा आहे! असा करार कुणी कागदावर लिहिला असता तर वकिलानं फाडून टाकला असता.

आफ्रिकेत आपल्या उंबराचा एक सख्खा चुलतभाऊ आहे. त्याच्याकडे दोन केंबरं आत शिरतात. एक इमानदार, पराग आणणारं. दुसरं अंडी घालून मोकळं होतं, पराग आणत नाही. दोन्ही एकाच वंशातली. आणि परागांच्या खिशांचं म्हणाल, तर काही जातींच्या केंबरांना खिसेच नाहीत, पराग अंगाला लागून येतील तेवढे येतात. अशा झाडांना पराग सढळ हातानं, जास्त करावे लागतात. घडणीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरची बिऱ्हाडं एकाच वाड्यात राहावीत तशी ही जोडपी आज जगात एकाच वेळी नांदताहेत.

स्वतःच्या गळ्यात डोकावलं तरी हेच. जेवता जेवता हसलं की ठसका लागतो, कारण अन्नाची आणि हवेची वाट गळ्यात एकमेकींना छेदून जाते. फुप्फुसं माशांच्या काळात अन्ननळीच्या वाटेला फुटलेल्या पिशवीतून आली, म्हणून. कोऱ्या कागदावर आखणाऱ्यानं हे असं आखलं नसतं. हे जुन्या वाड्याला माडी चढवल्यासारखं आहे, जिना पडवीतून नाही तर माजघरातून गेलेला, कारण तो बांधताना माजघर आधीच होतं.

तर माझं उत्तर असं, की उंबरातली रचना खरी आहे, पण ती तिच्या इतिहासाकडे बोट दाखवते, रचनाकाराकडे नाही.

यावर काही जण खूश होऊन "म्हणजे देव नाहीच!" म्हणतात. ते माझ्या तोंडी घालू नका. ते एसा ग्रे पक्के श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि डार्विनचं म्हणणं अमेरिकेत त्यांनीच हिरिरीनं मांडलं. आणि आपल्याकडे रामानुजाचार्य, ज्यांच्या भक्तीबद्दल कुणी शंका घेणार नाही, त्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात घडा-कुंभाराच्या अनुमानाची पुरती चिरफाड केली आहे. त्यांचं म्हणणं, ईश्वर शास्त्रातून कळतो, अनुमानानं सिद्ध होत नाही. देवावरचं प्रेम असल्या पुराव्यावर उभं करू नये, हे नास्तिकांच्या आधी भक्तांना कळलं होतं.

मला ते आईकडून कळलं. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते, सुट्टीत घरी आले होते आणि नवीन भिंग होतं. आई दर वर्षी गुरुचरित्राचा सप्ताह करायची. हिरण्यकशिपूला फाडल्यावर नरसिंहाच्या नखांची आग उंबराच्या फळांत नखं खुपसून शमली, ही त्यातली कथा ती आम्हांला दर वर्षी तितक्याच रंगून सांगे. मी तिला उंबर कापून दाखवलं. बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसली. "बाई गं, केवढा संसार," म्हणाली. मी त्या वयाला साजेशा तोऱ्यात म्हटलं, "बघ, आणि यात तुझ्या दत्ताचा हात कुठेच नाही."

तिनं भिंग पदराला पुसून परत दिलं. "मी कुठं म्हटलं हात आहे म्हणून? तू मला आवडतेस, ती काय नाकीडोळी नीटस झालीस म्हणून?" आणि फुलपात्रातलं पाणी झाडाला घालून आत गेली.

काकांना मी हेही सांगते. काही जणांना पटतं, काही जण म्हणतात बाईंनी उत्तर टाळलं. गेल्या फेरीला असाच वाद रंगला होता, काका उदयनाचार्यांच्या बाजूनं आणि मी वारुळाच्या. सहावीतली एक मुलगी मघापासून कापलेलं उंबर हातात घेऊन बसली होती. मेलेली केंबरं काडीनं मोजत होती. मध्येच मान वर करून म्हणाली, "बाई, मग आमची आजी उपासाला उंबरं खाते, तिचा उपास मोडतो का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे.